वाऱ्याची वही

बोरमाळ टेकडीवर मोजणीचा खांब उभा राहिला
तेव्हा कंपनीने राखणदार म्हणून मला ठेवलं.
महिना सहा हजार, एक टॉर्च, एक शिट्टी
आणि दोनशे पानांची वही.
यंत्र आपलं आपण मोजायचं सगळं.
वही साहेबांनी हौसेने दिली:
"डोळ्यांना दिसेल ते लिहीत जा."

अठरा महिने मी वारा लिहिला.

*आज नाही.*
*आज सावनेरकडून. गरम. दातांत माती.*
*आज आला, शालिकचा दुपट्टा घेऊन गेला.*
*रात्री एक ते चार. आंबियाची बारकी फळं खाली,*
*सकाळी झाडाखाली हिरव्या गोट्या.*
*घार तणाव्याच्या तारेला धडकली.*
*पुरली. साहेबांना कळवलं नाही.*

मग श्रावणात ग्रामसभा.
पडदा म्हणून शाळेतली चादर बांधली
तर ती सारखी फुगायची,
आणि चादरीवरचे एकवीस पंखे
गरोदर बाईसारखे पुढे यायचे.
हसू आलं सगळ्यांना. कंपनीच्या पोरीलाही.

डोमाजी नेहारे उठला, काठीसकट.
"गायरानातून रस्ता काढता. गाई का ढगात चारू?
अन् गायगोधन कुठं खेळवाचं, पंख्याखाली?"
चंद्रभागा म्हणाली,
"टेकडीवर रातभर लाल दिवे मिचमिचतीन.
मी चांदणी पाहून उठतो बाप्पा,
माह्या घरी घड्याळ नाही."
धरमपेठेतून गाडी घेऊन आलेले
फार्महाऊसवाले बोंद्रे
निसर्गावर बोलले. वीस मिनिटं.
मागच्या बाकावरून एका पोट्ट्याने विचारलं,
"नोकरी भेटन का? का हाये ते एकच राखणदार?"
आणि सगळी सभा माझ्याकडे वळली.

माझी बहीण दिली आहे कोराडीकडे.
तिच्या अंगणातली तुळस
रोज ओल्या फडक्याने पुसावी लागते,
पान न् पान, लेकराचं तोंड पुसावं तशी.
आदल्या रात्री फोनवर ती म्हणाली होती,
"तुमाले वारा नको, त कोळसा आमच्या दारात.
बटन त तुमीबी दाबताच ना?"
मी म्हटलं, रेंज नाही, ऐकू येत नाही.
रेंज होती.

ठराव वाचला. विरोधात असतील त्यांनी हात वर करा.
हात वर झाले, बांगड्यांचे, काठ्यांचे,
कडेवरच्या पोराचाही एक.
मला काहीतरी वाचून दाखवायचं होतं.
काय, ते नक्की नव्हतं;
घारीचं पान, की हिरव्या गोट्यांचं,
की जिथे फक्त *आज नाही, आज नाही, आज नाही* लिहिलंय ते.
मी वही वर केली.
ग्रामसेवक मोजत मोजत माझ्यापर्यंत आला होता.
"एकशे चव्वेचाळीस," तो म्हणाला
आणि पुढे गेला.

आश्विनात खांब उतरवला.
चार खड्डे राहिले. त्यात पाणी, पाण्यात बेडूक.
टॉर्च, शिट्टी परत घेतली.
वही कुणी मागितली नाही.

गायगोधन दणक्यात झालं.
डोमाजी ढालीपुढे असा नाचला
की रात्री पाय शेकावे लागले.
गाई नेहमीसारख्याच, रंगलेल्या शिंगांनी
त्याच गवताकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज.
बहीण आली. ठरावाचं तिने विचारलं नाही.
ओवाळलं, जेवली,
पिशवीतून आणलेली चार लुगडी धुऊन
दोरीवर घातली. म्हणे,
"तिकडं पांढरं पांढरं राहत नाही."
मग त्या फडफडत्या लुगड्यांखालीच
बाज ओढून आडवी झाली,
आणि डोळे मिटता मिटता,
टोमणा नाही, तक्रार नाही,
खरंच नवल वाटल्यासारखी म्हणाली,
"केवढा वारा हाये रे तुमच्याकडं."

मी वही काढली.
तारीख लिहिली.